यंदा कुठला गड?

पवन मावळाची एक मोठी गैरसोय आहे. तिथे किल्ले गरजेपेक्षा जास्त आहेत, आणि तेही एकमेकांच्या डोळ्यांदेखत. खोऱ्यात एकच किल्ला असता तर माणूस मुकाट्याने डबा बांधून निघाला असता, धापा टाकत चढला असता आणि चार फोटो काढून उतरला असता. इथे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे चौघे एकाच वाड्यातल्या चार बिऱ्हाडांसारखे आहेत. एकाकडे चहा घेतला की उरलेल्या तिघांना दिसतं.

भूगोल थोडक्यात सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरच उभी आहेत. पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडून डाव्या बाजूची खिडकी मिळवली, तर कामशेत सुटल्यावर एक लांबलचक डोंगररांग सोबतीला येते. तिच्यावरचा ऐसपैस माथ्याचा तो विसापूर आणि त्याच्या आड जरा मागे सरून उभा आहे तो लोहगड. रांगेच्या अलीकडे इंद्रायणीचं खोरं. तिथे रेल्वे, जुना हायवे, एक्स्प्रेस वे, चिक्कीची दुकानं, सगळा गजबजाट. रांगेच्या पलीकडे पवनेचं खोरं. पवना तशी लहानखुरी नदी. लोणावळ्याच्या दक्षिणेला उगम पावते, मावळची भातखाचरं भिजवत चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी येते आणि पुढे मुळेला मिळून जाते. मध्येच तिला धरण बांधलं आहे. पिंपरी-चिंचवडकर सकाळी नळ सोडतात तो त्याच पाण्याच्या भरवशावर. या धरणाच्या पाण्याला खेटून पश्चिमेकडे तुंगचा सुळका, दक्षिणेकडे तिकोना आणि उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडी. हवा स्वच्छ असली तर एका गडावर उभं राहून बाकीचे तिन्ही बोटाने दाखवता येतात. बोटं भलत्याच डोंगरांकडे जातात हा भाग वेगळा.

आमच्या घरी दसरा झाला की हा विषय निघतो. पाऊस सरलेला असतो, डोंगरांवर सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून असतात, दिवाळीची साफसफाई सुरू व्हायची असते आणि ती टाळायला एखादं भारदस्त निमित्त हवं असतं. इतिहासासारखं भारदस्त निमित्त दुसरं नाही. मग घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "यंदा कुठला गड?" आणि पुढचे पंधरा दिवस घराण्यात पक्ष पडतात.

लोहगड पक्षाचे पुढारी मामा. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे त्याच्याही पुढे गेलेले. "किल्ला म्हटला की त्याला दरवाजे हवेत," हे मामांचं ठरलेलं वाक्य. "तुमच्या त्या सुळक्यांवर काय आहे? वारा! वारा आमच्या गच्चीतही येतो." दरवाज्यांच्या बाबतीत मामांना खोडून काढणं कठीण आहे. लोहगडवाडीतून पायऱ्या सुरू होतात आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडल्याशिवाय माथा लागत नाही. वाट अशी नागमोडी फिरवली आहे की पुढच्या दरवाज्याच्या बुरुजावर उभा असलेला माणूस खालच्या दोन दरवाज्यांत काय चाललंय ते आरामात पाहू शकतो. वर पोचून खाली बघितलं की हे सगळं एखाद्या आराखड्यासारखं उलगडतं आणि ज्या कुणी ते आखलं त्याच्याबद्दल मनात एकदम आदर दाटून येतो. शत्रूने इथे धावत यायचं म्हटलं तरी त्याला वळणावळणावर पाठ दाखवावी लागली असती.

मामांचा मुक्काम मात्र नारायण दरवाज्यापाशी असतो. हा दरवाजा नाना फडणवीसांनी बांधवला. जवळच एक भुयार आहे, त्यात भात आणि नाचणी साठवत असत. मामा दरवर्षी त्या भुयाराच्या तोंडाशी बसतात, रुमालाने मान पुसतात आणि धान्यकोठाराचं युद्धशास्त्रातलं महत्त्व समजावून सांगतात. तोफा किती होत्या ते विचारू नका, नाचणी किती होती ते विचारा. वेढा पडला की गड तोफेवर लढत नाही, भाकरीवर लढतो. हे बोलणं दम परत येईपर्यंत चालतं. आत डोकावलं तर दगडाचा गारवा तोंडावर येतो, उजेड दोन हातांवर संपतो आणि बाहेर उन्हात रांग लावून चढणारी मंडळी विचारतात, "काका, आत काय आहे?" मामा म्हणतात, "नाचणी." ती मंडळी विश्वास ठेवून पुढे जातात.

नानांचा या गडावर विशेष जीव होता आणि कारण सरळ होतं: त्यांची दौलत इथे होती. माथ्यावरची सोळा कोनांची बावडीवजा टाकी त्यांचीच. त्याच्याही आधी सुरतेच्या पहिल्या लुटीतला ऐवज नेताजी पालकरांनी इथेच आणून ठेवल्याचं सांगतात. १८०० साली नाना गेल्यावर त्यांच्या पत्नी जिऊबाई काही काळ लोहगडाच्या आसऱ्याला राहिल्या. म्हणजे पैसा आणि माणूस, दोन्ही सांभाळायची वेळ आली की लोकांना लोहगड आठवायचा. बँकेची शाखा उघडण्यापूर्वीचे दिवस. मामा स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. लोहगडावरचं त्यांचं प्रेम कुठून आलं असावं याचा मला अंदाज आहे.

त्यात जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. पवन मावळातल्या चौघांपैकी नंबर लागला तो एकट्या लोहगडाचा. त्या रात्री मामांनी ग्रुपवर जो संदेश टाकला, त्यात अभिनंदन कमी आणि टोमणे जास्त होते.

विसापूर पक्ष म्हणजे माझा धाकटा भाऊ. या माणसाला गर्दीचं वावडं आहे. हॉटेलात शिरला आणि सगळी टेबलं भरलेली दिसली तर जेवण चांगलं असणार असं आपण समजतो. तो बाहेर पडतो. पावसाळ्यातल्या रविवारी भाज्यापासून लोहगडवाडीपर्यंत गाड्यांची जी माळ लागते, ती बघूनच तो विसापूरवाला झाला. विसापूर लोहगडाला लागूनच आहे, त्याच्यापेक्षा मोठा आहे आणि थोडा उंचही आहे. तरी शंभर माणसं लोहगडाच्या पायऱ्या चढतात तेव्हा पाच-दहा विसापूरच्या वाटेला लागतात, आणि त्यांतली दोन तरी वाट चुकलेली असतात. वर जायची एक वाट ओढ्यातूनच आहे. त्यातच जुन्या पायऱ्या, आणि पावसात त्याच पायऱ्यांवरून पाणी खाली येत असतं. आपण वर, पाणी खाली, आणि अरुंद वाटेत कुणी कुणाला रस्ता द्यायचा हा प्रश्न. माथ्यावर पोचलं की मैदानच्या मैदान. पडकी जोती, पाण्याची टाकी, कातळात कोरलेले मारुती आणि लांबच लांब तटबंदी. एका ठिकाणी चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक पडलं आहे. ते एवढं जड की तिथून ते हलवायचा विचार आजवर कुणाच्या मनात आला नसावा, म्हणूनच ते राहिलं.

विसापूरची पडझड नुसती काळाने केलेली नाही. १८१८ च्या मार्च महिन्यात इंग्रज मावळात शिरले तेव्हा त्यांनी हिशेब मांडला तो साधा होता. उंच गड आधी घ्यायचा; तिथून शेजारच्या ठेंगण्या गडावर तोफ डागता येते. ४ मार्चला विसापूर त्यांच्या हातात पडला. वरून आपल्यावर तोफांची तोंडं वळणार हे कळताच दुसऱ्या दिवशी लोहगडही रिकामा झाला. ज्या लोहगडाने चार दरवाज्यांची एवढी तयारी केली होती, त्याच्या दरवाज्यांपर्यंत यायची कुणाला गरजच पडली नाही. नंतर इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे पाडले आणि लोहगडाचे तसेच राहू दिले. आज लोक लोहगडाला दरवाजे बघायला जातात. भावाच्या मते हा विसापूरवर झालेला अन्याय आहे आणि तो दूर करायची जबाबदारी आमच्या कुटुंबावर आहे.

वहिनी तिकोन्याच्या. त्यांचं कारण म्हणजे मारुती. गडावर चपेटदान मारुतीची शेंदरी मूर्ती आहे. एक हात चापट मारायला उगारलेला, पायाखाली राक्षसीण. देवळातला हात जोडलेला दासमारुती आपल्या सवयीचा. हा मारुती कामावर असलेला आहे. वहिनींनी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या शाळेत पर्यवेक्षिका होत्या. "हा आपला माणूस," असं त्या म्हणाल्या आणि तेव्हापासून त्यांचं मत फुटलेलं नाही. तिकोना चढायला मोठा नाही, पण शेवटच्या टप्प्यात पायऱ्या एकदम उभ्या होतात. एकेक पायरी गुडघ्याला येते, आणि दरवाज्यातून चढताना वरून उतरणाऱ्याचे बूट आपल्या नाकासमोर असतात. वर त्र्यंबकेश्वर महादेव, आणि देवळामागे गेलं की पवनेचं सगळं पाणी एका नजरेत. संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला औरंगजेबाचा मुलगा अकबर, त्याची राहायची सोय आधी या गडावर केली होती आणि त्याला इथली हवा मानवली नाही, अशी एक गोष्ट सांगतात. बादशहाचा मुलगा, बापाविरुद्ध बंड करून शेकडो कोस आलेला, जिवावर उदार झालेला, आणि तक्रार काय तर हवेची. आमच्याकडे लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांत असा एक तरी असतोच.

भाचीचं मत तुंगला, कारण तुंग फोटोत चांगला येतो. यावर हसू नये. किल्ला निवडायला लोकांकडे यापेक्षा भक्कम कारणं असतात असं मला वाटत नाही. तुंग आहेच तसा, लांबून बघितला की लहान मुलाने काढलेला डोंगर. वर तुंगाईचं छोटंसं देऊळ, आणि जागा इतकी बेताची की घराण्याचा ग्रुप फोटो काढायचा तर फोटो काढणाऱ्याने मागे सरकताना विचार करायला हवा. मामांनी तुंगचं नाव ऐकताच गुडघ्याला हात लावला. तेवढं पुरलं.

यंदा या सगळ्यात भर पडली आत्तेबहिणीची. ती जर्मनीत माइन्त्सला राहते आणि दिवाळीला आली होती. चार किल्ल्यांवरून आमची चाललेली ओढाताण बघून तिला हसूच आलं. तिच्या घराजवळून ऱ्हाईन वाहते. तिथून थोडं खाली गेलं की बिंगन ते कोब्लेन्झ हा जो ६५ किलोमीटरचा टप्पा आहे, त्यात दोन्ही काठांवर मिळून चाळीसेक किल्ले आहेत. तोही युनेस्कोच्या यादीत आहे, २००२ पासून. "मग तुम्ही ठरवता कसं?" भावाने विचारलं. ती म्हणाली, "ठरवत नाही. बोटीत बसतो. कॉफी घेतो. किल्ले आपोआप येतात नि जातात."

घरात शांतता पसरली. किल्ला पायथ्यावरून, तोही बसून आणि कॉफी पीत बघायचा, ही कल्पना पचायला वेळ लागला. मामांना मात्र ती हळूहळू आवडू लागल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती पुढे सांगत गेली. तिथले बरेच किल्ले जकातीसाठी होते. नदीतून माल चालला की अडवायचा, पैसे घ्यायचे, सोडायचा. काउब गावापाशी तर नदीच्या ऐन मध्यात, खडकावर, जकातीसाठी बांधलेला किल्ला आहे. तिथून नाव वळवून नेणार कुठे? मार्क्सबुर्ग म्हणून एक डोंगरी किल्ला आहे, तो त्या टप्प्यात कधीच उद्ध्वस्त न झालेला एकटाच. आणि ऱ्हाईनफेल्स म्हणून एक प्रचंड किल्ला आहे, त्याने एके काळी चौदाव्या लुईच्या फौजेला दाद दिली नव्हती. पण १७९४ मध्ये फ्रेंच आले तेव्हा तो एकही गोळी न झाडता देऊन टाकला, आणि पुढे फ्रेंचांनी सुरुंग लावून फोडला.

"विसापूर!" भाऊ ओरडला. "लोहगड," मामा पुटपुटले. दोघांनाही आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

"आणि बाखाराख गावावरच्या किल्ल्यात आता तरुण प्रवाशांसाठी वसतिगृह आहे," ती म्हणाली. "रात्री राहता येतं."

"किल्ल्यात वसतिगृह?" मामा सरसावून बसले. "खोलीत जायला लिफ्ट असते का गं?"

जकातीचा विषय मला सोडवेना. आमचे चार किल्लेही वाटेवरच डोळा ठेवून होते, फक्त ती वाट पाण्याची नव्हती. कोकणातल्या बंदरांतून माल बोरघाट चढून देशावर यायचा तो याच बाजूने. ती वाट किल्ल्यांहून कितीतरी जुनी. भाजे, कार्ले, बेडसे इथली लेणी दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली ती या रहदारीच्या काठाला धरूनच. व्यापारी असल्याशिवाय दानं येत नाहीत आणि दानांशिवाय लेणी होत नाहीत. घाट अजून तोच आहे, माल अजून चढतो आहे. पैसे आता एक्स्प्रेस वेवर थांबून द्यावे लागतात आणि तटबंदीशिवाय काम भागतं.

इथे मला दरवर्षी एक जुनी यादी आठवते. ग्रुपवर मी ती टाकत नाही, कारण वाद मिटायचा आणि मग घरची साफसफाई करावी लागायची.

जून १६६५. पुरंदराच्या पायथ्याला मिर्झाराजे जयसिंगाची छावणी. त्याआधीचे काही आठवडे मोगलांच्या तुकड्या या मावळात फिरत होत्या. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्या पायथ्याची गावं त्यांनी लुटली, जाळली. गड वर शाबूत आणि खाली सगळं बेचिराख. वाटाघाटीत शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख सोडावा लागला. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. किल्ला निवडणं म्हणजे काय ते त्या दिवशी होतं. कुठला द्यायचा, कुठला ठेवायचा, आणि समोर बसलेला माणूस कच्च्या गुरूचा चेला नव्हे. राजगड, तोरणा, रायगड राहिले. दिलेल्या तेविसांत कोंढाणा होता, खुद्द पुरंदर होता, माहुली होता, आणि आमचे चौघेही होते. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, एकही मागे राहिला नाही.

त्या यादीकडे मी लेखनिकाच्या बाजूने बघतो. कुणीतरी ती नावं एकाखाली एक लिहिली असतील. लोहगड लिहिताना त्याला दरवाजे आठवले असतील की नाचणी? विसापूरची ती ओढ्यातली वाट त्याने कधी चढली असेल का? की त्याच्या दृष्टीने ही नुसती नावं होती, हात न थांबवता लिहून काढायची? यादीत गडांच्या आवडीनिवडीला रकाना नसतो. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, हे गड एकामागून एक परत घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा आधी कुठला घ्यायचा यावर मावळ्यांत आमच्यासारखेच पक्ष पडले असतील असं मला उगाचच वाटतं. लोहगडावरून विसापूर दिसतोय आणि तो अजून आपला नाही, हे सहन करणं फार जड गेलं असणार.

असो. आमची निवड ज्या गोष्टींवर होते त्यांत इतिहास नसतोच. पहिला मुद्दा गाडी कुठवर जाते. दुसरा, खाली पिठलं-भाकरी मिळते का आणि आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं का. तिसरा, कुणाचा सोमवारी पेपर आहे. चौथा मुद्दा कुणी बोलून दाखवत नाही, पण तोच सगळ्यांत मोठा असतो: वर आडोसा आहे का. या चारही कसोट्यांवर लोहगड पहिला येतो आणि म्हणून दरवर्षी आम्ही पंधरा दिवस भांडून लोहगडावर जातो. यंदा मी जाहीरपणे तिकोन्याला मत दिलं. बाकीचे तिन्ही गड तिथून बघायला मिळतात, म्हणजे कुणाचा पक्ष हरत नाही, असा माझा युक्तिवाद होता. त्यावर मामांनी अंगठा दाखवला, म्हणजे व्हॉट्सॲपवरचा, आणि पुढच्याच ओळीत लोहगडवाडीचा नकाशा पाठवला.

भाऊ मात्र या वेळी हटून बसला. शेवटी तोडगा जमिनीनेच दिला. लोहगड आणि विसापूर यांच्या मध्ये गायमुख खिंड आहे. तिथपर्यंत दोघांची वाट एकच, पुढे फाटते. ठरलं असं की खिंडीत फुटायचं. मामा, मी आणि आत्तेबहीण लोहगडावर. भाऊ, भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी विसापूरवर. वहिनींनी तिकोना हुकल्याचा निषेध म्हणून चढायलाच नकार दिला. त्या लोहगडवाडीत एका घराच्या ओसरीवर, जेवण सांगून, पुस्तक घेऊन बसल्या. "एक वाजता सगळे खाली," असं त्यांनी बजावलं तेव्हा त्यांचा उजवा हात जरासा वर गेला होता. मला चपेटदान मारुती आठवला.

लोहगडावर गर्दी बेताची होती. आत्तेबहीण पहिल्या दरवाज्यातच थांबली, दाराच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे तिने बोट लावून बघितले आणि म्हणाली, "हे बोटीतून दिसलं नसतं." मामांना आपण जिंकल्यासारखं वाटलं. नाचणीच्या कोठारापाशी नेहमीचं व्याख्यान झालं, यंदा त्यात ऱ्हाईनच्या जकातीची भर पडली. मग लक्ष्मी कोठी झाली, सोळा कोनांची टाकी झाली. कोन मोजताना आमच्यात एकवाक्यता झाली नाही. विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाची ती लांब निमुळती सोंड उतरून जायला मामांनी आम्हाला परवानगी दिली आणि स्वतः तटाच्या सावलीत पाय पसरून बसले.

आम्ही परत आलो तोवर एक वाजून गेला होता. तेवढ्यात मामांचा फोन वाजला. पलीकडे भाऊ, वाऱ्यात ओरडत होता.

"मामा, आम्ही विसापूरच्या तटावर आहोत. तुमचा गड अख्खा दिसतोय इथून. तो पांढरा ठिपका तुम्हीच का?"

मामा उठले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी समोरच्या उंच तटाकडे बघितलं. तिकडे काहीतरी रंगीत हलत होतं; भाचीची ओढणी असावी.

"दिसतोय ना? मग नुसता बघा. तोफ डागू नका."

"वहिनीचा फोन येऊन गेला. उतरा आता तुम्ही, आम्ही येतोच मागून."

"अजिबात नाही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "आधी विसापूर खाली येईल. मग लोहगड. अठराशे अठराचा क्रम आहे, तो मी मोडणार नाही."

"अहो मामा, तो क्रम इंग्रजांचा!"

"म्हणून काय झालं? तारखा बरोबर आहेत."

पलीकडून बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग भावाने कळवलं की विसापूर शरण जाणार नाही. मामांनी कळवलं की लोहगडात नाचणी भरपूर आहे. आत्तेबहीण तटावर बसून दोन्ही बाजूंचं व्हिडिओ चित्रण करत होती आणि माइन्त्सला कुणाला तरी ते समजावून सांगायचा प्रयत्न करत होती. दोन्ही गडांवर भूक लागली होती, आणि दोन्ही गड हलायला तयार नव्हते.

सव्वा दोनला ग्रुपवर वहिनींचा खलिता आला. त्यात एवढंच होतं: "पिठलं गार झालंय. भाकऱ्या चार उरल्यात. पाचवी होणार नाही, मावशींचं पीठ संपलं."

मामांनी काठी उचलली. समोरच्या तटावरची ओढणी दिसेनाशी झाली होती.